पूर्वजशोध (महाराष्ट्रातील स्थानिक दप्तरांतून)

घराण्याच्या मागच्या पिढ्यांची साखळी तहसील, न्यायालय, शाळा, पुराभिलेखागार आणि ग्रंथालय यांतील जुन्या कागदांवरून लावण्याची पद्धत. घरातली तोंडी माहिती बहुधा तीन-चार पिढ्यांवर थांबते. पुढे कागदाशिवाय इलाज नाही. सुरुवात निश्चित माहीत असलेल्या व्यक्तीपासून करावी आणि मूळ गाव आधी पक्के करावे. आडनाव हा कच्चा आधार आहे. गावावरून किंवा हुद्द्यावरून पडलेले एकच आडनाव परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक घराण्यांत आढळते. नामांकित घराण्याला आपली शाखा जोडण्याचा मोह इथेच होतो आणि सगळे काम वाया जाते.

महसुली कागदांत सातबारापेक्षा फेरफार (गाव नमुना 6) अधिक बोलका. खातेदार मयत झाला की वारसांची नावे त्यात चढतात, बहुधा नात्यासह. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 साली झाला, त्यामुळे जुने फेरफार विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोचवू शकतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तिथले बरेच जुने दप्तर उर्दूत आहे.

जमीन नसलेल्या घराण्यांसाठी मात्र कोतवाल बुकासारखा दुसरा आधार नाही. ही गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना 14. जमिनीच्या दप्तरात ज्यांना जागाच नव्हती, त्यांचीही नावे तिच्यात आहेत. तिला जोड शाळेच्या जनरल रजिस्टरची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीची. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना 1950 पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींना 1961 पूर्वीचे आणि इतर मागासवर्गाला 1967 पूर्वीचे पुरावे लागतात. म्हणून असंख्य कुटुंबांचा पूर्वजशोध हौसेतून नव्हे, गरजेतून सुरू होतो. 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी अशीच दप्तरे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली.

सर्वांत भरघोस माहिती दिवाणी न्यायालयात मिळते, आणि शोधकांचे सर्वांत कमी लक्षही तिकडेच जाते. वाटणी, दत्तक किंवा वतनाचा दावा चालवायचा तर वंशावळ मांडावीच लागे. दाव्याच्या अर्जात एक, प्रतिवादीच्या कैफियतीत दुसरी, शिवाय गावातल्या वृद्धांच्या साक्षी. 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली दिलेल्या वारस दाखल्यांच्या प्रकरणांतही नाती तपासलेली असतात. प्रत्येक पक्ष आपल्या सोयीची वंशावळ देतो, हे ध्यानात ठेवून दोघांनी मान्य केलेला किंवा निकालात सिद्ध धरलेला भागच घ्यावा. दाव्यातले पुष्कळ कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. निकालपत्र व हुकूमनामा अधिक काळ टिकतात. दाव्याचा क्रमांक आणि साल हाती असेल तर नकलेसाठी अर्ज करणे सोपे जाते.

एकोणिसाव्या शतकापलीकडे जायचे तर पुणे पुराभिलेखागार. पेशवे दप्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) तिथेच आहेत. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. त्या चौकशीत अनेक घराण्यांच्या पिढ्या लिहून निघाल्या. हे कागद मोडी लिपीत, शब्द न तोडता लिहिलेले. सालही उलगडावे लागते : ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन (आकडे अरबी शब्दांत लिहिण्याची जुनी कालगणना) 1174, इसवी 1773-74. मोडी स्वतः शिकावी, हे उत्तम. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेतले तर नावांची अक्षरे मूळ कागदाशी ताडून पाहावीत.

ग्रंथालयांत छापील कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याचे वंशावळीसह इतिहास, मिळतात. रत्नागिरी (1828), नाशिक (1840) व पुणे (1848) येथील जुनी वाचनालये आणि 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ ही त्यासाठी पाहण्याजोगी ठिकाणे. कुलवृत्तांताचा अलीकडचा भाग सहसा भरवशाचा, आरंभीच्या पिढ्या पुष्कळदा परंपरेने आलेल्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाव-आडनावानुसार असतात. ताडून पाहायला त्या फार उपयोगी. गोव्यातल्या घराण्यांसाठी पणजीचे पुराभिलेखागार आणि कोमुनिदादींची (सामाईक जमिनीच्या गावसंस्थांची) दप्तरे आहेत. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांना मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या गिरमिटिया (करारावर नेलेल्या मजुरांच्या) नोंदींतून मूळ गावाचा माग काढता येतो.

या सगळ्या दप्तरांत स्त्रिया फार थोड्या दिसतात, आणि त्यांना शोधण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत. वंशावळीत मुलींची घरे बहुधा कोरी, सुनांची फक्त सासरची नावे. विधवेच्या पोटगीचा दावा किंवा तिने घेतलेल्या दत्तकावरचा वाद हाती लागला तर चित्र बदलते : भाऊ साक्षीला आलेला असला की त्याच्या जबानीच्या पहिल्या ओळीतच तिच्या माहेरचे गाव आणि आडनाव मिळते.