संकरित टोमॅटोचे बी वांझ असते काय?

'संकरित टोमॅटोचे बी वांझ असते, म्हणून परसबागेत सेंद्रिय बीच लावा,' असा निरोप मृगाच्या तोंडावर वऱ्हाडात गावोगाव फिरतो. प्रत्यक्षात ते बी बहुधा उगवते. मात्र पुढच्या पिढीत गुण विखुरतात, एका झाडाला मोठी तर शेजारच्याला बोराएवढी फळे लागतात, आणि या निराशेतूनच हा समज रुजला असावा. सेंद्रिय हा शब्द बी कसे पिकवले एवढेच सांगतो. सेंद्रिय बीही संकरित असू शकते. खात्रीसाठी पिकल्या फळातले बी धुऊन सावलीत वाळवावे, 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उबदार जागी ठेवावेत आणि आठ-दहा दिवसांनी मोड मोजावेत. बी राखायचेच असेल, तर गावरान किंवा सरळ वाण, म्हणजे ज्याचे गुण पुढच्या पिढीतही बहुधा तसेच राहतात असा, निवडावा. राखेत घोळून ठेवलेले गावरान वांग्याचे बी आपल्या घरांत असेच टिकले आहे.