लाल झेंड्याची धास्ती आणि काळे डगले

फॅसिझम आणि साम्यवाद यांची तुलना बहुधा हिटलर आणि स्टालिन यांच्यावरून केली जाते. परंतु समाज या वाटांना का लागतात हे पाहायचे तर १९१९ ते १९२२ या काळातील इटली अधिक उपयोगी पडते. तेथे दोन्ही चळवळी एकाच असंतोषातून वाढल्या, आणि फॅसिस्टांचा नेता मुसोलिनी स्वतः १९१४ पर्यंत समाजवादी पक्षाच्या ‘अवांती’ या मुखपत्राचा संपादक होता.

पहिल्या महायुद्धात सुमारे सहा लाख इटालियन सैनिक कामी आले आणि परतलेल्यांच्या वाट्याला महागाई व बेकारी आली. रशियात १९१७ साली राज्ययंत्रणाच कोसळली आणि बोल्शेविकांनी ती पोकळी भरून काढली. इटलीत मात्र राज्ययंत्रणा उभी होती. १९१९ च्या निवडणुकीत समाजवादी १५६ जागा जिंकून सर्वांत मोठा पक्ष ठरले, तर फॅसिस्टांना एकही जागा मिळाली नाही. सप्टेंबर १९२० मध्ये कामगारांनी तुरीन, मिलान येथील कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा पंतप्रधान जोलित्ती यांनी सैन्य न धाडता तडजोड घडवून आणली. क्रांती भाषणांतच राहिली. मालकवर्गाची धास्ती मात्र गेली नाही.

फॅसिझम फोफावला तो पो नदीच्या खोऱ्यात. तेथे शेतमजुरांच्या समाजवादी संघटना कोणाला काम द्यायचे हे ठरवत आणि न जुमानणाऱ्या जमीनमालकावर बहिष्कार टाकत. बडे जमीनदार चिडले यात नवल नाही. पण युद्धानंतर नुकतीच जमीन विकत घेतलेला लहान शेतकरीही जमीन समाजाच्या मालकीची करण्याच्या घोषणेने बिथरला, आणि त्याला गमावणे ही समाजवाद्यांची सर्वांत महागडी चूक होती असे म्हणावे लागते. बोलोन्या, फेरारा या भागांत काळे डगले घातलेल्या फॅसिस्टांच्या टोळ्या मजूर संघटनांची कार्यालये जाळत असताना पोलीस बहुतेक वेळा नुसते पाहत राहिले. जानेवारी १९२१ मध्ये लिव्होर्नो येथे समाजवादी पक्ष फुटून साम्यवादी पक्ष स्थापन झाला, तो डाव्यांना ओहोटी लागल्यानंतर.

त्याच वर्षी जोलित्ती यांनी फॅसिस्टांना आपल्या निवडणूक आघाडीत घेतले आणि त्यांचे ३५ प्रतिनिधी संसदेत पोहोचले. ऑक्टोबर १९२२ मध्ये फॅसिस्टांचा रोमवरील मोर्चा निघाला, तेव्हा पंतप्रधान फाक्ता यांनी आणीबाणीचा हुकूम तयार केला, परंतु राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सही करण्यास नकार दिला. मुसोलिनी त्या मोर्चासोबत चाललाही नव्हता; राजाचे बोलावणे आल्यावर तो मिलानहून रात्रीच्या रेल्वेने रोमला पोहोचला.