झांस्करची चादर आणि तिच्या शेजारून आलेला रस्ता

लडाखमधील झांस्कर खोऱ्याचा बाहेरच्या जगाशी हिवाळी संपर्क पिढ्यानपिढ्या एका गोठलेल्या नदीवर अवलंबून होता. कारगिलच्या वाटेवरील सुमारे 4,400 मीटर उंचीची पेन्सी ला आणि हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या वाटेवरील तिच्याहून उंच शिंकू ला या खिंडी हिमवर्षावाने बंद होतात. झांस्कर नदीच्या घळीतून उन्हाळ्यात प्रवाहामुळे पायी जाता येत नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीत नदीवर बर्फ धरला की तीच घळ झांस्करचे मुख्य गाव असलेल्या पदुमहून लेहकडे जाण्याची वाट होते. या वाटेला 'चादर' म्हणतात.

ही चादर सलग मुळीच नसते. बर्फ आधी काठाशी धरतो, मधून पाणी वाहतच असते, आणि आभाळ भरून थंडी जराशी ओसरली तरी थर फुटतो. त्यामुळे वाटाडे काठीने ठोकून, आवाजावरून बर्फाचा अंदाज घेतात, पाय न उचलता घसटत चालतात, बर्फ तुटला असेल तेथे कड्यावरून वळसा घेतात आणि रात्र काठच्या गुहांमध्ये काढतात. शेतीची कामे नसलेल्या याच दिवसांत झांस्करी लोक लेहच्या बाजारात लोणी विकायला नेत आणि परतताना चहा, साखर, भांडी आणत. लेहमध्ये शिकणारी मुलेही वडीलधाऱ्यांबरोबर याच वाटेने जात.

1980 च्या सुमारास कारगिल-पदुम मोटाररस्ता झाला, तरी तो पेन्सी लावरून जात असल्याने हिवाळ्यातली अडचण तशीच राहिली. पुढे चादर साहसी पर्यटनासाठी प्रसिद्ध झाली. मुंबई-पुण्याचे गिर्यारोहकही तेथे जाऊ लागले. या प्रसिद्धीत मूळ गोष्ट, म्हणजे रस्ता नसल्याने पत्करावी लागलेली जोखीम, बरीचशी झाकली गेली, असे म्हणणे भाग आहे.

सीमा रस्ते संघटनेने लेहजवळच्या निम्मूपासून पदुममार्गे लाहौलमधील दारचापर्यंत जाणारा 298 किलोमीटरचा निम्मू-पदुम-दारचा रस्ता मार्च 2024 मध्ये जोडून पूर्ण केला. शिंकू ला खिंडीखालील 4.1 किलोमीटरच्या बोगद्याच्या कामाला त्याच वर्षी जुलैत प्रारंभ झाला. दारचाकडील बाजू बारमाही होणे या बोगद्यावर अवलंबून आहे. निम्मू ते पदुम या भागात मात्र उंच खिंड नाही, कारण तो चादरीच्याच घळीत, नदीलगतचे कडे फोडून काढलेला आहे, आणि तो जसजसा पुढे सरकला तसतसा पायी चालायचा बर्फ कमी होत गेला.