चढावर मान टाकणारी ई-सायकलची बॅटरी

सपाट रस्त्यावर ई-सायकल व्यवस्थित पळते, चार्ज निम्म्याहून जास्त दिसतो, आणि चढाला लागताच सगळं बंद पडतं. अशा वेळी थेट नव्या बॅटरीची किंमत विचारायची घाई करू नये. वीज नेमकी कुणी तोडली ते आधी शोधावं. तोडणारे तीन असू शकतात: बॅटरीतलं संरक्षक सर्किट म्हणजे बीएमएस, मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा सायकलचा कंट्रोलर, किंवा एखादा सैल जोड.

३६ व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम-आयन सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात, आणि प्रत्येक गटात तीन-चार सेल समांतर. पूर्ण चार्ज झालेला गट ४.२ व्होल्टचा, म्हणून पॅक ४२ व्होल्टचा. बीएमएस प्रत्येक गट वेगळा तपासतं. एक जरी गट ठरलेल्या मर्यादेखाली गेला (मॉडेलप्रमाणे २.५ ते ३ व्होल्ट), तरी ते अख्खा पॅक तोडतं. कंट्रोलर मात्र फक्त बेरीज पाहतो आणि साधारण ३१-३२ व्होल्टला थांबतो. आता बीएमएसची मर्यादा २.८ व्होल्ट, नऊ गट ३.६ वर आणि दहावा २.७ वर आहे असं धरा. बेरीज येते ३५.१. कंट्रोलरच्या हिशेबी बॅटरी ठीक, डिस्प्लेवर कांड्या शाबूत, तरीही बीएमएस वीज तोडतं, आणि ते बरोबरच करतं.

म्हणून बंद पडताना काय दिसतं ते नीट पाहावं. मोटर थांबली पण डिस्प्ले चालू राहिला, तर वीज कंट्रोलरने थांबवली आहे किंवा ब्रेक दाबताच मोटर थांबवणारा स्विच अडकला आहे. डिस्प्लेही विझला, तर बीएमएस किंवा जोड. चार्जर लावेपर्यंत पॅक जागाच होत नसेल, तर बहुधा एखादा गट फार खाली गेला आहे. खड्ड्यात आदळल्यावर बंद पडून हात लावताच चालू होत असेल, तर जोडच.

जोड तपासणं सोपं आणि फुकट असतं, म्हणून तिथून सुरुवात करावी. चढ चढून आल्यावर बॅटरी काढून पिना पाहा: काळवंडलेल्या, हिरवट, वितळलेलं प्लास्टिक? पावसाळ्यानंतर हे हमखास दिसतं. जोडाचा रोध फक्त ०.०२ ओहम असला तरी १५ अँपिअरला तिथे ०.३ व्होल्ट पडतात आणि साडेचार वॅट उष्णता तयार होते. उष्णतेने पिनेचा ताण जातो, रोध आणखी वाढतो.

जोड चांगला निघाला, तर पॅक उघडावा लागतो. वॉरंटी असेल तर उघडू नका. अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवा. शॉर्ट झाल्यास या सेलमधून शेकडो अँपिअर वाहू शकतात. बीएमएसकडे जाणाऱ्या बारीक वायरींच्या प्लगवर अकरा पिना असतात. मल्टीमीटर डीसीवर ठेवून शेजारच्या दोन-दोन पिनांमध्ये मोजलं की दहा गटांची दहा व्होल्टेज मिळतात. पूर्ण चार्ज करून तासाभराने एकदा मोजा, बॅटरी उतरल्यावर पुन्हा मोजा, आणि दोन्ही रकाने शेजारी लिहा.

खरी माहिती या दोन रकान्यांच्या तुलनेत असते. एखादा गट वर असतानाही मागे आणि खाली असतानाही मागे, तर त्याची क्षमता शाबूत असू शकते, तो फक्त असंतुलित आहे. पण जो गट भरताना सर्वांत आधी ४.२ गाठतो आणि उतरताना सर्वांत आधी कोसळतो, त्याची क्षमताच घटली आहे. पहिल्या दुखण्यावर इलाज आहे: चार्जर हिरवा झाल्यावरही आपल्या नजरेसमोर काही तास लावून ठेवायचा. बीएमएस पुढे गेलेल्या गटांतून थोडा-थोडा करंट जाळतं. तो ५० मिलिअँपिअर असेल तर ०.४ अँपिअर-तासांचा फरक मिटायला आठ तास लागतात. दुसऱ्याला कितीही चार्जिंग पुरत नाही.

दोन्ही रकान्यांत सगळे गट सारखे आले तरी सुटका नाही, कारण काही गट फक्त ओझ्याखाली उघडे पडतात. १२ व्होल्ट, ५५ वॅटचे गाडीच्या हेडलाइटचे तीन बल्ब एकापुढे एक जोडून पॅकला लावले की साधारण पाच अँपिअर वाहतात. (बल्ब प्रचंड तापतात, फरशीवर ठेवा.) ते पेटलेले असताना प्रत्येक गट मोजा. तीन सेलचा निरोगी गट ०.१ व्होल्टच्या आसपास पडतो. एखादा ०.३-०.४ पडला, तर त्यातला सेल थकला आहे किंवा सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्टीचा वेल्ड सुटला आहे. वेल्ड सुटला की तिघांचं काम दोघांवर येतं आणि चढावर तोच गट आधी कोसळतो.

वेल्ड पुन्हा मारता येतो, स्पॉट वेल्डरनेच. सेलवर थेट सोल्डरिंग केल्यास उष्णतेने आतलं सील बिघडतं. सेल बदलायचे तर पूर्ण गट बदला, आणि क्षमता उरलेल्या गटांशी जुळणारी घ्या. बीएमएसला बगल देऊन थेट वायर जोडणं मात्र कुणालाही करू देऊ नका. दोन व्होल्टखाली बराच काळ पडलेला गट पुन्हा चार्ज करू नये: आतल्या तांब्याच्या पत्र्यातून तांबं विरघळतं, चार्ज करताना ते भलतीकडे साचतं आणि आत शॉर्ट होऊ शकतो. अशा सेलची रवानगी घरच्या कचऱ्यात न करता बॅटरी परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे करावी.