डक्ट, चौक आणि नहाणी ट्रॅप

करोनाच्या पहिल्या लाटेत पुण्यातली भवानी पेठ हॉटस्पॉट झाली तेव्हा जो तो म्हणायचा, पेठांत दाटी किती, होणारच की! पण एका चौरस किलोमीटरात किती माणसं हा एक आकडा, आणि एका खोलीत किती जण झोपतात, एका संडासाला किती घरं हा दुसरा, आणि साथीत खरा नडतो तो दुसरा. वाकड-बाणेरच्या टॉवरमध्येही माणसं कमी नाहीत, पण चार माणसांना तीन बाथरूम असतात.

गंमत म्हणजे १८९७ च्या प्लेगात पुण्यात उलटी चूक झाली. रोग कोंदट, घाण हवेतून होतो असं समजून घरं धुवा, चुना फासा, हे चाललेलं, गोरे सोल्जर घरात घुसायचे ते वेगळंच. लोक गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहिले आणि वाचले, पण ते मोकळ्या हवेमुळे कमी आणि घरातले उंदीर मागे राहिले म्हणून जास्त. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये दाखवलं. आणि २०२० मध्ये विषाणू खरंच हवेतून येत होता तर आपण भाज्या धूत बसलो आणि रस्त्यावर हायपोक्लोराइट हे जंतुनाशक मारलं!

वाड्यातला चौक या बाबतीत हुशार होता, उन्हानं तापलेली हवा वर निघून जायची आणि तिच्या जागी ताजी आत यायची. पुढे बिऱ्हाडं वाढली, चौकात पत्र्याच्या खोल्या उठल्या, संपलं.

आता चौकाच्या जागी डक्ट, म्हणजे बाथरूमच्या खिडक्या उघडतात तो इमारतीतला अरुंद उभा बोळ, आलाय, आणि त्याचा किस्सा हाँगकाँगचा आहे. २००३ च्या सार्समध्ये अमॉय गार्डन्स या एकाच सोसायटीत ३०० हून जास्त लोकांना लागण झाली. बाथरूमच्या जमिनीवरचे ट्रॅप, म्हणजे आपला नहाणी ट्रॅप, पाणी न पडल्यानं सुकलेले, त्यामुळे एक्झॉस्ट फॅन लावला की ड्रेनेजमधले बारीक तुषार वर ओढले जायचे, तिथून डक्टमध्ये आणि डक्टमधून वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्या ट्रॅपमध्ये साठलेलं दोन इंच पाणी हेच गटार आणि बाथरूममधलं झाकण असतं. पुण्यात गुंतवणूक म्हणून घेतलेले कितीतरी फ्लॅट वर्षभर कुलपात असतात, त्यांचे ट्रॅप उन्हाळ्यात हमखास कोरडे पडतात. चावी शेजाऱ्यांकडे असेल तर महिन्यातून दोनदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायला सांगा, बेसिनखालच्या पाइपातही.