बंकरभेदी बॉम्ब

बंकरभेदी बॉम्ब : जमिनीखाली, खडकाच्या किंवा काँक्रीटच्या जाड थरांआड बांधलेले लष्करी तळ, आदेशकेंद्रे आणि शस्त्रसाठे उद्ध्वस्त करण्यासाठी विमानातून टाकला जाणारा वजनदार बॉम्ब. आकाराच्या मानाने त्यात स्फोटक बेताचेच असते. अमेरिकेच्या जीबीयू-५७ या सुमारे १३,६०० किग्रॅ. वजनाच्या बॉम्बमध्ये ते जेमतेम अडीच हजार किग्रॅ. भरते, बाकीचा भार मुख्यतः पोलादी कवचाचा, कारण आत शिरण्याचे काम वजन आणि वेग करतात. खरी कसोटी फ्यूजची, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेची लागते : आदळण्याचा प्रचंड हादरा सोसून त्याने शाबूत राहायचे आणि बॉम्ब पुरेसा खोल गेल्यावरच स्फोट घडवायचा. तो जरा आधी उडाला, तर एवढ्या खटाटोपातून वर नुसता खड्डा उरतो.

ही कल्पना दुसऱ्या महायुद्धातली आहे. ब्रिटिश अभियंते बार्न्स वॉलिस यांच्या ‘टॉलबॉय’ आणि त्याहून मोठ्या ‘ग्रँड स्लॅम’ या बॉम्बचा भर जमिनीत घुसून वरच्या बांधकामाचा पाया हादरवण्यावर होता. मार्च १९४५ मध्ये जर्मनीतील बीलेफेल्डचा रेल्वेपूल ग्रँड स्लॅमनेच कोसळला. नेम मात्र विमानातील माणसाच्या नजरेवर अवलंबून असे.

पुढे लक्ष्यावर लेसरचा झोत टाकून बॉम्बला तिकडे वळवता येऊ लागले आणि अचूकता आली. १९९१ च्या आखाती युद्धात इराकचे खोल बंकर हाती असलेल्या बॉम्बना दाद देईनात, तेव्हा अमेरिकेने आठ इंची तोफांच्या जुन्या नळ्यांपासून घाईघाईने जीबीयू-२८ तयार केला. तोफेची नळी मुळातच प्रचंड दाब सोसण्यासाठी घडवलेली असल्याने कवच म्हणून ती आयती उपयोगी पडली. पहिल्या काही नळ्यांमध्ये स्फोटक बादल्यांनी ओतून भरले गेले, आणि युद्ध संपता संपता, २७ फेब्रुवारीला, असे दोन बॉम्ब बगदादजवळच्या अल-ताजी येथे टाकण्यात आले.

जीबीयू-५७ उपग्रहाधारित मार्गदर्शनाने लक्ष्य गाठतो आणि तो वाहून नेणाऱ्या बी-२ विमानात असे दोनच बॉम्ब मावतात. युद्धात त्याचा पहिला वापर २२ जून २०२५ रोजी इराणमध्ये झाला : फोर्दो येथील डोंगराखालच्या अणुकेंद्रावर बारा आणि नतान्झच्या अणुकेंद्रावर दोन. फोर्दोला हवा खेळवणाऱ्या दोन उभ्या विवरांवर प्रत्येकी सहा बॉम्ब टाकल्याचे अमेरिकी लष्कराने सांगितले. पहिल्याने वरचे काँक्रीटचे झाकण फोडायचे आणि पुढच्यांनी त्याच वाटेने खाली उतरायचे, अशी ती योजना होती. उपग्रहचित्रांत डोंगरावर मोजकी छिद्रे आणि करडी धूळ दिसली. आतील यंत्रांची किती हानी झाली, यावर त्यानंतर कितीतरी दिवस वाद चालला.