चाकाच्या एका फेरीत किती ठोके?

"फोर बाय फोर आहे, त्यातून जुनी. आवाज करणारच!" जुन्या मारुती जिप्सीच्या किंवा जीपच्या, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या गाडीच्या मालकाला गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा प्रत्येक भाग दात्यांच्या हिशोबाने एकमेकांशी बांधलेला असतो. गाडीचा वेग ठाऊक असेल तर कुठला शाफ्ट सेकंदाला किती फेऱ्या मारतोय हे कागदावर काढता येतं. मग आवाजाची लय पकडली की तो कुणाचा आहे, हेही बरंचसं कळतं.

जिप्सीच घेऊ. 205/70 आर 15 मापाचा टायर एका फेरीत साधारण 2.1 मीटर जातो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर, म्हणजे चाकाच्या सुमारे 8 फेऱ्या. मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गोळ्यात, क्राउन या मोठ्या चक्राला 43 आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला 11 दाते धरले, तर चाकाच्या एका फेरीत पिनियनला फिरवणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट 3.9 वेळा फिरतो, सेकंदाला 31 वेळा. पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारी ट्रान्सफर केस जिप्सीत गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. हाय रेंजमध्ये, म्हणजे रोजच्या चालवण्यातसुद्धा ही ट्रान्सफर केस वेग सुमारे 1.4 पटीने उतरवते, त्यामुळे तो आखूड शाफ्ट सेकंदाला 44 फेऱ्या मारतो. गाडीचा वेग एकच, पण आकडे तीन: 8, 31 आणि 44.

टायरला फुगवटा आला असेल तर सेकंदाला 8 हिसके बसतात. 20 च्या खालचं माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, ते सीटला आणि स्टिअरिंगला जाणवतं. शाफ्टचं संतुलन बिघडलं, म्हणजे नळीला पोचा आला, चिखल चिकटून वाळला किंवा बॅलन्सिंगची पट्टी गळून पडली, तर 31 ची थरथर येते. पण मागचा शाफ्ट 62 ने घुमायला लागला, किंवा मधला आखूड शाफ्ट 88 ने, तर तिथे जरा थांबायला हवं. फेऱ्या 31 आणि ठोके 62. एका फेरीत बरोबर दोन. हे दोन आले कुठून?

ते आले 'क्रॉस'मधून. शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. एकमेकांना काटकोनात धरलेले दोन दुबेळके काटे, आणि त्यांना जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, तो हा क्रॉस. मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) वरखाली होतो, त्यामुळे शाफ्टला तिरकं राहूनच फिरावं लागतं, आणि क्रॉस ती मुभा देतो. मात्र त्याची किंमत वसूल करतो.

जेवणाची गोल ताटली तिरपी धरून बघा. वर्तुळाची लंबगोल आकृती दिसते. ताटलीच्या काठावर घड्याळासारख्या समान अंतरावर बारा खुणा केल्या असतील, तर तिरक्या नजरेला त्या समान दिसत नाहीत. दोन टोकांपाशी दाटी, मधल्या दोन भागांत विरळ. क्रॉसमध्ये नेमकं हेच घडतं. पुढच्या काट्याच्या पिना एका वर्तुळात फिरतात, आणि मागच्या शाफ्टच्या बाजूने पाहिलं तर ते वर्तुळ तिरकं असतं. पुढचा शाफ्ट अगदी एकसमान फिरला तरी मागचा कधी पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. लंबगोलाला दोन लांब आणि दोन आखूड बाजू असतात, म्हणून एका फेरीत ही पळापळ दोनदा होते.

गणितात सांगायचं तर मागच्या शाफ्टचा वेग पुढच्याच्या 'कोज्या कोन' (cos) पटीपासून 'एक भागिले कोज्या कोन' पटीपर्यंत झुलतो. कोन 10 अंशांचा असेल तर फरक दीड टक्का. 20 अंशांना तो 6 टक्क्यांवर जातो. मिनिटाला 1,860 फेऱ्यांचा शाफ्ट मग 1,750 आणि 1,980 यांच्या मध्ये सेकंदाला 62 वेळा हेलकावतो. कोन दुप्पट झाला की त्रास दुप्पट होत नाही, जवळपास चौपट होतो.

या जोडणीला सोळाव्या शतकातल्या कार्डानोचं नाव चिकटलं आहे, पण तिचा असमान वेग ओळखून तो कामाला लावला रॉबर्ट हूकने, 1670 च्या दशकात, आणि तोही सूर्यघड्याळासाठी. सूर्य आकाशात तासाला 15 अंश सरकतो, पण आडव्या तबकडीवरची सावली मात्र समान सरकत नाही, कारण पृथ्वीचा अक्ष तबकडीला तिरका असतो. मुंबईच्या 19 अंश अक्षांशावर दुपारी 12 ते 1 या तासात सावली जेमतेम 5 अंश सरकते, आणि संध्याकाळी 5 ते 6 या तासात सुमारे 40 अंश! हूकच्या लक्षात आलं की सावलीचं सूत्र आणि या सांध्याचं सूत्र एकच आहे. फक्त कोन योग्य धरायचा, मुंबईसाठी 71 अंश. तबकडीवरच्या सावलीची चाल आणि तुमच्या गाडीखालची घुमघुम यांचं गणित एकच निघावं, याचं मला कितीही वेळा वाचलं तरी नवल वाटतं.

मग सगळ्याच गाड्या घुमत का नाहीत? कारण शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिल्याने बिघडवलेली लय दुसरा उलट्या बाजूने बिघडवतो, आणि डिफरन्शियलला पुन्हा एकसमान फिरणं मिळतं. याला दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन समान हवेत, आणि शाफ्टच्या नळीवरचे दोन्ही काटे एका रेषेत हवेत. दुसरी अट गॅरेजमध्ये फार सहज मोडली जाते. शाफ्ट लांब-आखूड होण्यासाठी त्यात दातेरी सरकता भाग असतो. तो खोलला आणि बसवताना एक-दोन दाते इकडेतिकडे झाले की दोन्ही क्रॉस एकमेकांची चूक खोडत नाहीत. म्हणून खोलण्यापूर्वी दोन्ही भागांवर पंचने खूण करून घ्यावी. क्रॉस नवे, ग्रीस नवं, बिल हातात, आणि गाडी आधीपेक्षा जास्त घुमतेय, असं झालं तर सगळ्यात आधी काट्यांची रेष तपासायला सांगा. पहिली अट मोडते ती लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी कडी) टाकून गाडी उंच केली की. सह्याद्रीतल्या वाटांसाठी पाटे चढवलेल्या कित्येक गाड्या याच कारणाने ताशी 50 च्या पुढे कुरकुरतात, आणि मालक टायर बदलत बसतात.

क्रॉस झिजतो तोही गमतीदार रीतीने. त्याच्या चारही बोटांवर टोप्या बसवलेल्या असतात, त्यांतल्या सुया म्हणजे बारीक रोलर. शाफ्ट हजारो फेऱ्या मारतो, पण सुया पूर्ण फिरत नाहीत, कोनाइतक्याच मागेपुढे डुलतात. सतत त्याच जागी डुलून त्या ग्रीस बाजूला सारतात आणि पोलादावर चर पाडतात. जुना क्रॉस काढून पुसून बघा, त्याच्या बोटांवर एकमेकींना समांतर बारीक रेघा दिसतील, नखाला लागतात. कोन अगदी शून्य असणंही म्हणूनच वाईट, मग सुया हलतच नाहीत. बाहेरून ओळखायची खूण म्हणजे टोपीभोवती साचलेली तांबूस कोरडी भुकटी. ती दिसली आणि गाडी हळू चालवताना चाकाच्या लयीपेक्षा जलद 'चिक-चिक-चिक' ऐकू आलं की क्रॉस गेला समजा.

बाकीचे आवाज थोडक्यात. पिनियनचे 11 दाते सेकंदाला 31 फेऱ्या मारतात, म्हणजे 341 वेळा भिडतात. पेटीवरच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी चारच्या जवळपासचा हा सूर. असा सूर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येतो आणि सोडल्यावर जातो, किंवा उलट होतं, तर दोष क्राउन-पिनियनचा, कारण ओढताना दात्याची एक बाजू काम करते आणि सोडल्यावर दुसरी. जो घरघराट अ‍ॅक्सिलरेटरला जुमानत नाही, पण मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुकवली की बदलतो, तो बहुधा चाकाच्या बेअरिंगचा. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर पुढच्या चाकातून 'कट-कट' आली तर तिथला गोळ्यांचा सांधा झिजला. पुढची हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलला जोडणारे किंवा सोडवणारे भाग) मोकळी करता येत असतील तर ती मोकळी करून टू-व्हीलमध्ये चालवा. चाकांपासूनचा पुढचा शाफ्ट थांबतो, आणि त्याच्यासोबत आवाजही थांबला तर अर्धी गाडी तपासायची वाचली. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट अ‍ॅप असतात. 62 वर शेंडा उठतो की 341 वर, हे त्यात दिसतं. 'तुमच्या गाडीचा बिघाड सांगतो' म्हणणाऱ्या अ‍ॅपपेक्षा हा आलेख आणि वरचा हिशोब जास्त भरवशाचा.

तीच गोष्ट डिफरन्शियलमध्ये ओतायच्या 'आवाज बंद' बाटल्यांची. ऑइल दाट झालं की दाते काही दिवस मऊ भिडतात, पण झिजलेलं पोलाद परत येत नाही. आणि लिंबू-मिरची बांधलेल्या बंपरमागे तांबूस भुकटीने भरलेला क्रॉस असेल, तर त्यावर नजरेचा उतारा चालत नाही. चालत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुतू शकतं. क्रॉस तपासण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना उटी लावून, पाच मिनिटं खाली वाकणं पुरतं. शाफ्ट हाताने पिळून बघायचा, काटा हलतो आणि पलीकडचा काटा हलत नाही, अशी जागा सापडली की झालं.

राहिला तो आवाज, ज्यात बिघाड काहीच नसतो. अशा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतो, फोर-व्हीलमध्ये दोन्हींना सारखंच फिरावं लागतं. पण वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात. जिप्सीचा व्हीलबेस 2.375 मीटर आहे. मागचा अ‍ॅक्सल 5 मीटर त्रिज्येने वळला तर पुढच्याला जवळजवळ 11 टक्के जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात चाक घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तो शाफ्टांमध्ये पीळ होऊन साठतो, स्टिअरिंग जड होतं, आणि कधीतरी टायर घसरून धाडकन आवाज येतो. तेव्हा लिव्हरशी झटापट करू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर हलक्या हाताने टू-व्हीलवर येतो.